चार बोटांचा सौदा

आमच्या हॉस्पिटलच्या स्टाफरूममधला टीव्ही एके दिवशी दुपारी नाहीसा झाला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सिस्टर लोक मालिका बघायला जमलो तर स्टुलावर फक्त धुळीचा चौकोन. वॉर्डबॉयवर संशय घेऊन झाला, वॉचमनची उलटतपासणी झाली. शेवटी टीव्ही सापडला थिएटरच्या मागच्या सामानाच्या खोलीत. त्याच्यासमोर आमचे सर्जन, म्हणजे सर, घामाघूम होऊन उभे होते आणि टोमॅटो सोलत होते.

टोमॅटो त्यांच्या हातात नव्हता. तो आंब्याच्या लाकडी पेटीत होता. पेटीवर प्लायवूडचं झाकण, झाकणाला भोकं आणि भोकांतून आत गेलेले लांब दांड्यांचे चिमटे. आत एक बल्ब आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुणाकडून तरी घेतलेला जुना व्हिडिओ कॅमेरा. सर टीव्हीवर बघत होते आणि पेटीतल्या टोमॅटोची साल चिमट्यांनी काढत होते. मी दारात उभी आहे हे त्यांना कळलं, पण त्यांनी मान वळवली नाही. म्हणाले, "टीव्ही मिळणार नाही. मालिकेत काय झालं ते उद्या कुणीही सांगेल. हे कुणी सांगणार नाही."

पेटी मी ओळखली. ती मीच आणून दिली होती. माझे वडील, आबा, वाशीच्या फळबाजारात माथाडी. साताऱ्याकडून तरुणपणी आलेले, आणि तेव्हापासून आयुष्य डोक्यावर आणि पाठीवर माल वाहण्यात गेलेलं. आठवडाभर आधी सरांनी मला विचारलं होतं, "तुझे वडील बाजारात ना? एक रिकामी पेटी आणशील? मजबूत बघ." मला वाटलं घर बदलतायत, भांडी भरायला हवी असेल. आबांनीही चांगली जाड फळ्यांची बघून, स्वतः डोक्यावर घेऊन हॉस्पिटलच्या गेटपर्यंत पोचवली होती.

हा काळ नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचा. पित्ताशयात खडे झाले की पूर्वी बरगडीखाली चांगलं वीतभर कापायचे. पेशंट आठवडाभर पडून आणि पुढे महिनाभर वाकून चालणार. आता पोटाला चार लहान भोकं पाडायची, पोटात गॅस भरून ते तंबूसारखं फुगवायचं, एका भोकातून दुर्बीण आत आणि बाकीच्या भोकांतून हत्यारं. डॉक्टर पोटाकडे बघतच नाही, टीव्हीकडे बघतो. लोक त्याला 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणत आणि ते करून घ्यायला पुलापलीकडे मुंबईला जात. आमच्या मालक डॉक्टरांनी यंत्र आणलं, सरांना आणलं आणि दारावर मोठा बोर्ड लावला: 'टाके नाहीत, दुखणे नाही.'

सर रोज सकाळी स्कूटर लावताना त्या बोर्डाकडे बघत आणि चिडत. "टाके असतात. लहान असतात, पण असतात. दुखतंही. थोडं दुखतं. खोटं कशाला लिहायचं?" मालक डॉक्टर म्हणत, "अहो, जाहिरात आहे ती." सर म्हणत, "मग साबणाची करा." हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की दोघांपैकी एक रजेवर असला तर दुसऱ्याचं वाक्य मी म्हणू शकले असते.

सर दिसायला काही विशेष नव्हते. बुटके, कपाळ मोठं, पायात कायम थिएटरच्या रबरी चपला. त्या चपलांवर ते बँकेत जात, लग्नाला जात. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. थिएटरमध्ये ज्याच्या हातात जे असेल ते त्याचं नाव. भूल देणाऱ्या मॅडमना ते तोंडावर 'झोप' म्हणत. हाताखालच्या डॉक्टरला 'चिमटा'. मी दुर्बिणीचा कॅमेरा धरायची, म्हणून मी 'कॅमेरा'. रस्त्यात भेटले तरी, "काय कॅमेरा, बाजारात?" माझ्या होणाऱ्या सासूबाईंसमोर त्यांनी मला अशी हाक मारली तेव्हा मला बराच खुलासा करावा लागला होता.

कॅमेरा धरणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही. डॉक्टरचे दोन्ही हात हत्यारांत गुंतलेले, डोळे मात्र माझ्या हातात. माझं मनगट कललं की टीव्हीवरचं अख्खं पोट कलतं. सरांचा त्याला एकच शब्द होता: "क्षितिज." आवाज न चढवता म्हणायचे, पण पाठीत धपाटा बसावा तसा बसायचा. पहिल्या महिन्यात तो शब्द मी इतका ऐकला की घरी भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तरी उठून सरळ करायची. आई म्हणायची, पोरीला काहीतरी झालंय.

पेटीत टोमॅटो सोलून झाला की खरी परीक्षा असे. पेटीच्या तळाशी सर आपला पांढरा रुमाल अंथरत. त्यावर पिकलेलं द्राक्ष किंवा सिझनमध्ये हापूसची फोड. रबरी हातमोजा कापून त्याची पिशवी करायची, ती भोकातून आत घालायची, आतल्या आत ती फोड चिमट्याने पिशवीत भरायची, तोंडाला दोरा आवळायचा आणि भोकातून पिशवी बाहेर काढायची. रुमालावर रसाचा एक थेंब पडता कामा नये. पडला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी रुमाल खिडकीपाशी उजेडात धरून ते असे तपासत की मला शाळेत जाताना युनिफॉर्म तपासणारी आई आठवायची. त्यांच्या बायको एकदा हॉस्पिटलात आल्या होत्या. मला म्हणाल्या, "आमच्याकडे फळं येतात हे मला बाजारवाला सांगतो. घरात दिसत नाहीत."

खऱ्या ऑपरेशनमध्येही तेच. दुसऱ्या हॉस्पिटलांत डॉक्टर पित्ताशय सोडवलं की बेंबीच्या भोकातून सरळ ओढून काढत. ओढताना कधी फाटतं, पित्त सांडतं, धुऊन टाकायचं आणि मोकळं व्हायचं. सर प्रत्येक वेळी हातमोज्याची पिशवी करत. झोप मॅडम घड्याळ बघून म्हणत, "अहो, खडेच आहेत ना? काढा पटकन."

"घाई कुणाला आहे? पेशंट झोपलाय."

"मी जागी आहे."

आणि पिशवी बाहेर आली तरी संपलं नाही. टाके घालायच्या आधी सर ते पित्ताशय ट्रेमध्ये उभं चिरत, धूत आणि आतल्या अस्तरावरून बोट फिरवत. कोपरान् कोपरा. मग ते बाटलीत घालून पुलापलीकडे बायोप्सीला. नातेवाइकांना खडे हवे असत. तेव्हा रिवाजच होता, खडे बाटलीत घालून घरी न्यायचे आणि सोसायटीत दाखवायचे. खडे सर खुशाल देत. पित्ताशय मात्र द्यायचे नाहीत. मालक डॉक्टर वैतागत, "साध्या खड्याच्या केसला बायोप्सी कशाला? आजवर काही निघालंय का?" सर म्हणत, "निघालं नाही म्हणून तर पाठवतोय."

आम्ही हसायचो त्यांना. मी जास्तच. त्यांची नक्कल मी स्टाफरूममध्ये फार छान करायची, रुमाल उजेडात धरून.

सिझन सुरू झाला की आणखी एक वेड. भल्या सकाळी, ओपीडीच्या आधी, सर फळबाजारात जाऊन उभे राहत. आंबा घ्यायला नाही. सौदे बघायला. आंब्याच्या बाजारात तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा हातावर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगत. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. पसंत नसेल तर समोरचा आपला आकडा दाबणार. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. आणि एकदा हात सोडला की सौदा पक्का. सही नाही, साक्षीदार नाही, तरी कुणी मोडत नसे. सर तासभर ते हात बघत उभे असत. व्यापाऱ्यांना वाटायचं इन्कम टॅक्सवाला आहे. ते आले की आवाज खाली यायचे.

आबा मला म्हणाले, "तुझा त्यो डाक्टर बाजारात काय करतो गं? आंबा घेत न्हाई, भाव इचारत न्हाई."

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "कॅमेरा, त्यांना आतलं काही दिसत नाही, तरी बोटं चुकत नाहीत. आपल्याला तर दिसतंय."

हे सगळं वेड कुठून आलं ते मला झोप मॅडमनी सांगितलं. एका दुपारी चहाच्या वेळी मी नक्कल करत होते आणि मॅडम हसल्या नाहीत. बाकीच्या गेल्यावर म्हणाल्या, "बस जरा." आमच्याकडे येण्याआधी सर आणखी एका हॉस्पिटलात होते, तिथेही भूल मॅडमच देत. बेलापूरच्या सरकारी ऑफिसात काम करणाऱ्या एक बाई खड्यांसाठी आल्या. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, पित्ताशय बेंबीतून ओढताना फाटलं, थोडं सांडलं, धुतलं. पित्ताशय कुणी उघडून बघितलं नाही, फेकून दिलं. बाई तिसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे घेऊन गेल्या. काही महिन्यांनी परत आल्या त्या बेंबीपाशी गाठ घेऊन. पित्ताशयात खड्यांच्या आडून कॅन्सर होता, तो कुणाला दिसला नव्हता, आणि सांडलेल्या थेंबातून तो ऑपरेशनच्या भोकात रुजला होता. त्या बाई वाचल्या नाहीत.

"त्यांच्या दहाव्याला गेले होते हे," मॅडम म्हणाल्या. "त्याच चपलांवर. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, भोक मी पाडलं होतं."

त्यानंतर मी रुमालाची नक्कल केली नाही. थिएटरमध्ये हातमोजा कापायचं कामही मीच मागून घेतलं. मला ते जमायला लागलं आणि सरांनी एकदा माझी पिशवी उजेडात धरून काही न बोलता वापरली, याचा मला झालेला आनंद आजही आठवतो.

मग आबांच्या पोटात दुखायला लागलं.

जेवल्यावर उजव्या बाजूला कळ यायची आणि पाठीत जायची. आबा म्हणायचे, भार चुकीचा बसला असंल. मीच ओढून सोनोग्राफीला नेलं. खडे निघाले. आणि खड्यांच्या शेजारी, भिंतीला चिकटलेली एक सावली. तो चिखलासारखा गाळ असू शकतो, मांसाचा साधा कोंब असू शकतो किंवा ते असू शकतं. सरांनी फिल्म खिडकीवर धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

आबांना समोर बसवून त्यांनी सगळं सांगितलं, फक्त तो शब्द सोडून. "आधी दुर्बिणीने बघेन. साधे खडे असले तर भोकातून काढतो, लवकर घरी. पण आत काही वेगळं दिसलं तर उघडणार. भोकातून ओढून काढणार नाही."

"उघडनार म्हंजी किती?"

"लागेल तेवढं."

आबांनी मान हलवली. "आसं न्हाई चालायचं. डाक्टर, आमच्या टोळीत एकाचं पोट आसंच फाडलं. टाकं भरलं, पन वझं उचललं की पोट भाइर याया लागलं. आता गावाकडं बसून हाय. मला पोट ढिलं करून चालनार न्हाई. काय काढायचं ते भोकातनं काढा."

"आबा, जीव महत्त्वाचा की—"

"वझं न्हाई तर जीव कशाला पायजे? बसून खायला?"

दोघेही हट्टी. मी मध्ये उभी. एक माझा बाप, एक माझे सर, आणि दोघांचंही मला पटत होतं. शेवटी आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. सर क्षणभर बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं याचीच वाट बघत बाजारात उभा होता. त्यांनी टॉवेलखाली हात घातला. आत बोटं काय बोलत होती ते मला दिसलं नाही. दोघांचे चेहरे मात्र मुद्दाम रिकामे. एकदा सरांनी मान नकारार्थी हलवली, एकदा आबांनी. मग हात सुटले. आबा म्हणाले, "झालं." आणि सही करायचा कागद मागितला.

ऑपरेशनच्या दिवशी मला वाटलं होतं की कॅमेरा दुसऱ्या कुणाला देतील. मी तसं सुचवलंही. सर म्हणाले, "दुसरा हात मला चालणार नाही. तुला झेपणार नसेल तर आत्ता सांग." मी म्हणाले झेपेल. झेपेल की नाही ते मला ठाऊक नव्हतं.

आबांच्या पोटात मी दुर्बीण घातली. स्वतःच्या बापाचं यकृत मी टीव्हीवर बघितलं. चांगलं गुळगुळीत, तांबूस. सरांनी चिमट्याने पित्ताशय उचललं. भोवतीची चरबी चिकटली होती, ती हळूहळू सोडवली. "क्षितिज," ते एकदाच म्हणाले आणि मी श्वास धरला. मग यकृताच्या बाजूने भिंतीला त्यांनी चिमट्याचं टोक लावलं. एकदा, दोनदा. बाकी पित्ताशय दबत होतं, तिथे दबत नव्हतं. पिकल्या आंब्याला एकाच बाजूने कैरी राहावी तसं. त्या जागी भिंत पांढरट आणि आत ओढल्यासारखी.

सर थांबले. ते पेटीसमोर रोज उभे राहत आले होते ते भोकातून काम करता यावं म्हणून. त्यांच्या हातांना तिथूनही ते सोडवता आलं असतं, हे मला माहीत होतं. पिशवीत भरताही आलं असतं. चिमटा डॉक्टर म्हणालेच, "सर, पिशवीत घेऊ ना. सांडणार नाही आपल्याकडून."

"सांडणार नाही. पण खाली यकृतात उतरलं असलं तर तो तुकडा कोण काढणार?" सर म्हणाले. "आधी गॅस शोषून घ्या. सगळा. तोपर्यंत भोकांतल्या नळ्यांना हात लावू नका, भोकात काही रुजायला नको. उघडायचं."

मग त्यांनी माझ्याकडे वळून मला हाक मारली. नावाने. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांना माझं नाव ठाऊक होतं हेच मला ठाऊक नव्हतं.

"इथपर्यंत तू कॅमेरा होतीस. आता बाहेर जा."

मला भीती वाटत होती. बाहेर आई बाकावर बसलेली होती. पण बाहेर जाऊन मी तिला काय सांगणार होते? मी म्हणाले, "नाही सर. धरायला काय देताय ते द्या."

त्यांनी बरगडी वर धरायचं हत्यार माझ्या हातात दिलं. "ओढ. ढिलं सोडू नकोस."

मी ओढून धरलं. माझे खांदे भरून आले, तरी धरलं. सरांनी पित्ताशय काढलं, त्याच्या मागची यकृताची चकती काढली, आजूबाजूच्या गाठी वेचल्या. उघड्या पोटाला गरज नव्हती तरी सगळं हातमोज्यात घातलं. ट्रेमध्ये चिरून अस्तरावरून बोट फिरवलं तेव्हा ते एका जागी थांबलं. बोराएवढी, खडबडीत गाठ. मॅडमनी घड्याळ बघितलं नाही.

पुलापलीकडून रिपोर्ट आला. कॅन्सरच. पण भिंतीच्या आतच थांबलेला, यकृताची चकती स्वच्छ. सरांनी तो उभ्याने वाचला आणि मग स्टुलावर बसले. "वेळेत आहे," म्हणाले. मी रडले, आणि त्यांनी मला तो पांढरा रुमाल दिला.

आईने मात्र सरांचे पाय धरले. "डाक्टर, त्या रोगाचं नाव ह्यांच्या म्होरं काढू नगा. ह्यो मानूस ते आईकलं की हातरून धरंल आन् उठायचा न्हाई. मला वचन द्या." सरांना ते पटलं नव्हतं. पण आई उठेना, तेव्हा त्यांनी वचन दिलं. मीही आईच्याच बाजूने होते.

आबा शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पहिलं काय केलं? ड्रेसिंगवर बोटं ठेवली. चार बोटं. मग पुढे आणखी बोटं. मग अख्खी वीत मांडली आणि ती पण पुरी पडली नाही. त्यांनी हात उचलून बाजूला ठेवला.

"चार ठरली हुती," ते मला म्हणाले. "टावेलाखाली. मी दोन दिली, त्यानं पंजा मागितला, चारवर सुटला. उघडायची येळ आली तर चार बोटं, जास्त न्हाई."

"आबा, आत अडचण आली असेल."

"आडचन कुनाला येत न्हाई? पन हात सोडल्यावर सौदा मोडत्यात का? बाजारात आसला मानूस पुन्यांदा हुभा न्हाई ऱ्हात."

त्यानंतर आबा सरांशी बोलले नाहीत. सर राउंडला आले की तोंड भिंतीकडे. सरांनी विचारावं, "आबा, दुखतंय का?" आणि आबांनी मला सांगावं, "त्यास्नी सांग, दुखत न्हाई." मी तीन हातांवर उभ्या सरांना सांगायची, "दुखत नाही म्हणतायत." सर गंभीरपणे, "त्यांना सांग, खोकताना उशी धरा." असा आमचा कारभार.

मला राहवेना. मी सरांना म्हणाले, "तुम्ही खरं कारण सांगून टाका ना. त्यांना वाटतंय तुम्ही उगाच शब्द मोडलात."

"एक शब्द मोडलाय," सर म्हणाले. "त्यांचा. आता तुझ्या आईचाही मोडू?"

आबांचं ओझं सुटलं ते सुटलंच. टोळीतल्या लोकांनी त्यांना सोडलं नाही, बसून पेट्यांना खिळे ठोकायचं आणि आंबा निवडायचं काम दिलं. पण दुसऱ्याच्या पाठीवर पेटी चढताना बघून त्यांचा जबडा घट्ट व्हायचा. घरी बोलणं कमी झालं. एकदा म्हणाले, "त्यानं मला गोनीसारखा शिवला आन् कोपऱ्यात ठिवला." मला सरांची बाजू घ्यावीशी वाटे आणि घेता येत नसे, त्याचा फार त्रास व्हायचा.

पुढच्या सिझनला, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी आबांचा डबा घेऊन बाजारात गेले तर समोर सर. रबरी चपला, गवताच्या काड्या चिकटलेल्या. ते थेट आबांच्या समोर जाऊन उभे राहिले. आबा हातोडी चालवत राहिले.

"आबा, सौदा मी मोडला," सर म्हणाले. आवाज मोठा. भोवतीच्या माथाड्यांनी, दोन व्यापाऱ्यांनी वळून बघितलं. "चार बोटं ठरली होती, मी वीतभरापेक्षा जास्त कापलं. इथे सगळ्यांसमोर सांगतो."

हातोडी थांबली. एवढ्या दिवसांत आबा पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलले. "का मोडला?"

"तोंडाने सांगता येत नाही. तसा शब्द दिलाय." सरांनी खिशातून तो पांढरा रुमाल काढला आणि हातावर टाकला.

आबा रुमालाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ल्हान हाय त्यो," आणि खांद्यावरचा आपला टॉवेल वरून टाकला.

हात आत गेले. सर फक्त एक शब्द बोलले, तोही पुटपुटल्यासारखा: "वर्षं." आबांचा चेहरा हलला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे इतकी बघत होते की डबा हातात तिरका झाला आणि आमटी सांडली. सरांनी "क्षितिज" म्हटलं नाही. टॉवेल मध्ये मध्ये हलत होता. एकदा आबांनी जोरात मान हलवली. सरांचे डोळे भरले होते, पण हात आतच. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पलीकडून टोळीवाल्याने ओरडून सांगितलं, गाडी लागलीय, माल निवडायला या. आबा उठले, टॉवेल उचलला.

"डाक्टर," ते म्हणाले, "च्या घेनार का?"

पुढे आबा आणि सर दर खेपेला तपासणीच्या वेळी एकमेकांशी इतके बोलायचे की बाहेरचे पेशंट कुरकुरायचे. आबांनी घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. आई त्यांच्यापासून लपवत राहिली, ते आईपासून लपवत राहिले आणि मी दोघांना वाढत राहिले. मला एव्हाना कळून चुकलं होतं की आबांना सगळं ठाऊक आहे. फक्त आकडा मला ठाऊक नव्हता.

त्या बोर्डावरून एक दिवस सरांचं आणि मालक डॉक्टरांचं शेवटचं भांडण झालं. सर हॉस्पिटल सोडून दूर एका तालुक्याच्या गावी गेले. पेटी बरोबर नेली, टीव्ही परत दिला. तो लागत नव्हता.

गेल्या वर्षी झोप मॅडमचा फोन आला. सर गेले. झोपेतच गेले, मॅडम म्हणाल्या. आबांना मीच सांगितलं. ते आता खूप थकलेत, काठी लागते. ओसरत्या उन्हात गॅलरीत बसले होते. मग मी इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आबा, तेव्हा बाजारात सौदा कितीवर सुटला?"

"त्यानं पंजा दिला," आबा म्हणाले. "पाच वर्सं. मला तवाच कळलं, कसलं दुखनं ते. मी म्हनलं, एवढ्यावर न्हाई जमायचं. दोन पंजं मागितलं. त्यो परत पंजाच दाबतुय. खोटं बोलंना. मी बी दोनच्या खाली येईना."

पाच कधीच गेली होती. दहाही गेली होती. आई गेली, माझी मुलं मोठी झाली, आणि हे समोर बसले होते.

"मग शेवटी?"

"शेवटी कुठलं? गाडी आली न्हवं का. तसंच उठलो."

"म्हणजे सुटलाच नाही?"

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, मांडीवर पसरला आणि त्याच्याखाली आपला हात ठेवला, पालथा, कुणीतरी घ्यावा तसा.

"मी उठलो," ते म्हणाले. "त्यानं हात कुठं सोडला हुता?"